‘फाइंडिंग निमो’ बघून आपली पोरं काय शिकली? चांगलं-वाईट दोन्ही लिहा

परवा लेकीसोबत ‘फाइंडिंग निमो’ पुन्हा बघितला. २००३ चा माशांचा कार्टून पिक्चर, तेव्हा मी कॉलेजात होते, त्यातल्या विसरभोळ्या डोरी माशाला हसून हसून पोट दुखलं होतं एवढंच लक्षात राहिलेलं. आता आई होऊन बघताना मात्र निमोचे बाबा, म्हणजे मार्लिन, जे जे बोलतात ते सगळं माझ्याच तोंडचं वाटायला लागलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी सगळ्या दोस्तांसमोर बाबा म्हणतात तुला नीट पोहता येत नाही, पोरगं इरेला पेटतं, मुद्दाम उघड्या समुद्रात जाऊन बोटीला हात लावतं आणि परत येताना पाणबुड्या त्याला पकडून नेतो. मी लगेच पॉज करून म्हटलं, "बघितलंस? बाबांचं ऐकलं नाही की असं होतं." तर ही पाच वर्षांची चिमुरडी म्हणते, "पण बाबांनी सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं ना." मला काही उत्तरच सुचेना. मी देत होते तो धडा तिनं घेतलाच नाही, तिला दिसला तो तिनं घेतला, आणि तो खराच होता.

तुमच्याकडे काय झालं ते मोकळेपणानं लिहा.

*

आमच्याकडे वाईटच आधी झालं. पकडून नेलेल्या निमोला ज्या टाकीत ठेवतात तिथला गिल नावाचा मासा त्याला सांगतो ना की सगळी गटारं शेवटी समुद्रालाच मिळतात? मुलगा तेव्हा चार वर्षांचा. बाथरूममधून आवाज आला म्हणून गेलो तर हा कमोडपाशी उभा, हातात रिकामा बाउल, आणि खाली वाकून "टाटा, आता आईकडे जा" असं म्हणत हात हलवतोय. गोल्डफिश गेला होता. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यानं मस्ती केलीच नव्हती, त्याच्या मते त्यानं एकाला सोडवलं होतं. मग शेजारी बसून सांगितलं की हा गोड्या पाण्यातला मासा, खाऱ्या पाण्यात जगत नाही, आणि पाइपमधून तिथपर्यंत तो जिवंत पोचतही नाही. दोन दिवस पोरगं धड जेवलं नाही. एवढा सुंदर पिक्चर, पण हे एक वाक्य मला अजून पटत नाही. लहान मुलांना असं खरंच वाटतं हो.

*

लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. मुलगी सहा वर्षांची असताना तिची आई गेली. नातेवाइकांनी बजावून ठेवलं होतं की तो पिक्चर दाखवू नकोस, सुरुवातीलाच आई जाते त्यात, आणि चारशेच्या वर अंड्यांतलं एकच उरतं. वर्षभर मी टाळला. मग एकदा सुट्टीत कुणाकडे तरी तिनं तो पाहिलाच, आणि घरी येऊन म्हणाली बाबा आपण परत बघू, पण पहिल्यापासून, पुढे ढकलायचं नाही. माझ्या पोटात गोळा. तो सीन संपला, मार्लिन ते उरलेलं एक अंडं जवळ घेऊन सांगतो ना की तुला काही होऊ देणार नाही, तर तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "तू पण असंच म्हणाला होतास का?" त्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा तिच्या आईबद्दल बोललो, तोवर मीच विषय काढू देत नव्हतो. मुलांपासून लपवायचे म्हणून जे सीन आपण ठरवतो त्यांचा मी तेव्हापासून दोनदा विचार करतो.

आणि पुढे देवमाशाच्या तोंडात अडकलेली डोरी मार्लिनला जे म्हणते, की निमोला काहीच होऊ दिलं नाहीस तर त्याच्या आयुष्यात काही घडणारच नाही, ते मला लागलं. अजून लागतं.

*

वरचं वाचून डोळे भरून आले दादा.

माझ्या भाचीचा डावा हात जन्मापासून थोडा कमजोर आहे. निमोचा एक पंख छोटा, बाबा त्याला लाडानं ‘नशीबवान पंख’ म्हणतात, पण प्रत्येक वेळी मागेही खेचतात. गिलचाही पंख मोडका. निमो पाइपात अडकतो तेव्हा गिल सगळ्यांना थांबवतो, कुणी हात लावायचा नाही, त्याचं तो बाहेर येईल. आणि येतोच! भाची तो भाग कितीतरी वेळा मागे घेऊन बघायची, नंतर शर्टाची बटणं स्वतः लावायचा हट्ट धरला, वीस-वीस मिनिटं लागायची, आम्ही हात मागे बांधून उभे.

पण हाच गिल स्वतःच्या सुटकेसाठी त्या एवढ्याशा पिल्लाला फिल्टरच्या पंख्यात पाठवतो, निमो मरता मरता वाचतो. आपल्यावर विश्वास टाकणारा माणूस आपल्याला वापरतही असू शकतो, हे मुलांशी बोलायलाच हवं. नंतर तो निमोपाशी चूक कबूल करतो, कारण सांगत बसत नाही, हे मला फार आवडतं. मोठ्या माणसानं लहानाची माफी मागितलेली मुलांना बघायला कुठे मिळते?

*

मी जीवशास्त्र शिकवते, थोडक्यात लिहिते. क्लाउनफिशमध्ये, म्हणजे निमोच्या जातीत, अंड्यांची राखण मुख्यतः नरच करतो, त्यामुळे जीव टाकणारा बाप हे अगदी खरं. पण मादी गेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो, ते पिक्चरमध्ये नाही. वर्गात सांगितलं की पोरं आधी हसतात आणि मग पंधरा मिनिटं प्रश्न थांबत नाहीत. एक मात्र वाईट वाटतं, माशाला टाकीतून सोडवायची गोष्ट बघून मुलं घरी तोच मासा टाकीत ठेवायला मागतात.

*

डोरीबद्दल लिहायचंय. माझ्या सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. मुलगा त्यांना ‘डोरी’ म्हणायला लागला आणि हसायला लागला, फार लागलं मला. पिक्चरमध्येही तिच्या विसरण्यावर आपण हसतोच की सगळे. मी रागावले नाही, त्याच्यासोबत बसून शेवटाकडचा भाग लावला, मार्लिन हार मानून निघतो आणि ही रडवेली होऊन त्याला विनवते की तू जवळ असलास की मला आठवतं, जाऊ नकोस. मुलगा काही बोलला नाही. आता आजीनं तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी तो पाचव्यांदा उत्तर देतो. ‘डोरी’ अजूनही म्हणतो कधीकधी, पण आवाज वेगळा असतो.

*

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काल लेकीनं पुन्हा लावायला सांगितला. शेवटी जाळ्यात मासे अडकतात, निमोला आत जाऊन सगळ्यांना खाली पोहायला सांगायचं असतं आणि मार्लिन त्याला सोडत नाही, तिथे तीच माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बाबांना भीती वाटतेय, तू बघ हं, ते सोडतात."