टॅप फाइल शोधण्याआधी घरची कॅसेट बघा

स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरची जुनी कॅसेट (तिच्यावर प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवलेले असत) लोड होत नसेल तर ती टाकून द्यावी आणि सरळ नेटवरून टॅप फाइल, म्हणजे कॅसेटवरच्या डेटाची तयार प्रत, घ्यावी, असं काही जण सुचवतात. गाजलेल्या गेम्सपुरतं ते ठीक आहे. पण आपल्याकडे ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मिळायचा. त्यावर लोकांनी घरी बसून बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम कुठून डाउनलोड करणार? ते त्या कॅसेटवरच आहेत, म्हणून कृपया टाकू नका!

बऱ्याचदा डेटा शाबूत असतो, टेपरेकॉर्डरचं हेड तेवढं तिरकं झालेलं असतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू आवाज अगदी खणखणीत येईपर्यंत हळूहळू फिरवा, मग मोनोमध्ये वेव्ह फाइल करा. एमपी३ नको, आणि खरखर घालवणारे फिल्टर तर अजिबात नकोत, त्यात पल्सच (ज्या आवाजाच्या ठोक्यांत डेटा असतो ते) बिघडतात. कॅसेटवरच्या डेटाच्या प्रत्येक ब्लॉकच्या (तुकड्याच्या) शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, त्यामुळे वाचन चुकलं तर लगेच कळतं. माझ्या मामाचा हिशेबाचा प्रोग्रॅम असाच परत मिळाला. स्पीडलॉकसारखा वेगळा लोडर (कॅसेटवरून गेम वाचणारा छोटा प्रोग्रॅम) असलेले गेम मात्र टीझेडएक्स या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्येच साठवा. टॅपमध्ये फक्त बाइट राहतात, पल्सचं टायमिंग राहत नाही.