शेकडो कोटींचे ऑनलाइन गेम रिलीजनंतर इतक्या लवकर का बंद पडतात?

पर्वतीचा_पिंग

नमस्कार मंडळी. सोनीचा ऑनलाइन शूटर (बंदुकांच्या लढाईचा गेम) कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला सोनीने तो बंद करून सगळ्यांचे पैसे परत केले. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) एका वेळी जास्तीत जास्त ६९७ खेळाडू होते. युबीसॉफ्टचा एक्सडिफायंट तर फुकट होता, मे २०२४ मध्ये आला आणि जून २०२५ मध्ये त्याचेही सर्व्हर बंद झाले. आणि २०२४ मध्येच आलेल्या हेलडायव्हर्स २ चे सर्व्हर सुरुवातीला इतके तुंबले होते की पैसे भरूनही लोकांना आत जाता येत नव्हतं, तरी तो गेम तुफान चालला.

मग गेम नक्की कशामुळे मरतो? सर्व्हरमुळे, किमतीमुळे, की गेमच वाईट असतो? विचारायचं कारण म्हणजे आम्ही सहाजण पुण्यात ५ विरुद्ध ५ असा छोटा शूटर बनवतोय. पीसी आणि अँड्रॉइड, सर्व्हर मुंबई रीजनमध्ये (म्हणजे क्लाउडच्या मुंबईतल्या केंद्रात), तीन मोड (खेळायचे प्रकार) आणि शिवाय रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठीच्या मॅच. "मार्केटिंग कमी पडलं" हे उत्तर सगळीकडे वाचून झालंय. कृपया आकड्यांत बोला.

रात्रपाळी_बॅकएंड

तीन मोड आणि शिवाय रँक्ड, हे वाचूनच काळजी वाटली. त्यामुळे आधी त्यावरच बोलतो.

पहिल्या दिवशी सर्व्हर पडल्याने चांगला गेम सहसा मरत नाही. मे २०१२ मध्ये डायाब्लो ३ आला तेव्हा लोकांना एरर ३७ (सर्व्हर भरलाय, आत जाता येत नाही) शिवाय काही दिसत नव्हतं, आणि तरी पहिल्या आठवड्यात तो साठ लाखांच्या वर खपला. मारते ती रिकामी लॉबी, म्हणजे मॅचसाठी जोडीदार आणि विरोधी न मिळणं. आणि लॉबी रिकामी व्हायला खेळाडू शून्यावर यावे लागत नाहीत, हजारो असतानाही ती रिकामी होते.

हिशोब करा. रात्री नऊला तुमच्याकडे ६,००० लोक ऑनलाइन आहेत. नव्या गेमसाठी वाईट आकडा नाही. आता त्यांचे तुकडे पाडा : ५ रीजन, ३ मोड, ४ स्किल-गट. झाले ६० कप्पे, सरासरी प्रत्येकात १०० जण. मॅच १५ मिनिटांची, म्हणजे एका कप्प्यात १० मॅच चालू. दर दीड मिनिटाला एक मॅच संपते आणि दहाजण मोकळे होतात. लगेच मॅच लावली तर तेच दहाजण पुन्हा समोरासमोर. जरा मिसळायचे म्हटलं तर तीन मॅच संपेपर्यंत, म्हणजे साडेचार मिनिटं थांबा. रात्री दोनला त्याच कप्प्यात ३० जण उरतात. तेव्हा तीन मॅच संपायला पंधरा मिनिटं. कोण थांबणार?

मग मॅचमेकर (कोण कोणाशी खेळणार ते ठरवणारा प्रोग्राम) काय करतो, स्किलची अट सैल करतो. काल इन्स्टॉल केलेला मुलगा पाचशे तास खेळलेल्याच्या समोर जातो, तीन मॅच मार खातो आणि गेम काढून टाकतो. त्यामुळे खालचा कप्पा आणखी रिकामा, अट आणखी सैल. हे एकदा सुरू झालं की पॅच टाकून थांबत नाही, कारण पॅच खेळून बघायलाही माणसं लागतात. सरासरीवरही जाऊ नका. तीनपैकी एका मोडमध्ये बहुतेक गर्दी असते आणि उरलेले दोन पहिल्या आठवड्यातच ओस पडतात. ज्यांना ते दोन आवडले होते ते गर्दीच्या मोडकडे वळत नाहीत, सरळ निघून जातात.

तुमच्यासाठी : एक रीजन, एक मोड. रँक्ड पहिल्या दिवशी उघडू नका. रेटिंगची (खेळाडूच्या कौशल्याच्या गुणांची) अट वेळेप्रमाणे सैल करा, उदाहरणार्थ पहिली २० सेकंद ±१००, पुढे ४५ सेकंदांपर्यंत ±२५०, त्यानंतर कोणीही. फक्त पहिल्या दहा मॅचवाल्या नव्या खेळाडूंचा कप्पा शेवटपर्यंत वेगळा ठेवा आणि तिथे माणसं कमी पडली तर बॉट (संगणकच चालवतो ते खेळाडू) भरा. फोर्टनाइट आणि पबजी मोबाइलसारखे प्रचंड गर्दीचे गेमही बॉट वापरतात, त्यात कमीपणा नाही. आणि पीसी-अँड्रॉइड क्रॉसप्ले (दोन्हीवाल्यांनी एकत्र खेळणं) बंद ठेवलात तर वरचे सगळे कप्पे दुप्पट होतात. टचवाल्यांना माउसवाल्यांसमोर टाकणंही बरोबर नाही, म्हणून खरं तर एकच प्लॅटफॉर्म निवडून सुरुवात करा.

डेक्कनचा_मेडिक

वरचा हिशोब बिनचूक आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न : ते ६,००० तरी का येतील?

ऑनलाइन गेम घेताना माणूस किंमत दोनदा मोजतो. एक खिशातून जाते ती. दुसरी म्हणजे हातातला गेम सोडण्याची : तिथले स्किन (पात्रांचे पोशाख), रँक, आणि मुख्य म्हणजे रोजचे चार मित्र. चौघांपैकी एकाला नवा गेम आवडून उपयोग नाही, चौघांनीही एकाच आठवड्यात हलायला हवं. कॉन्कॉर्डची किंमत ४० डॉलर होती. तो बनवणारा स्टुडिओ २०१८ मध्ये उभा राहिला, तेव्हा ओव्हरवॉच विकत घ्यावा लागत होता, त्यामुळे ४० डॉलर त्या काळाच्या हिशोबाने ठीकच. पण गेम बाहेर येईपर्यंत एपेक्स लेजेंड्स, व्हॅलोरंट आणि ओव्हरवॉच २, तिन्ही फुकट मिळत होते. मोठ्या बजेटची खरी अडचण ही आहे. पाच-सहा वर्षं लागतात आणि ज्या बाजारासाठी गेम आखला तो बाजारच उरत नाही.

"हिरो शूटरचा (प्रत्येक पात्राची ताकद वेगळी असलेल्या शूटरचा) जमाना संपला" हे मात्र चुकीचं निदान. कॉन्कॉर्ड बंद झाल्यावर तीन महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, मार्व्हल रायव्हल्स आला. प्रकार तोच. फुकट, आणि पात्रं लोकांना आधीच पाठ. तीन दिवसांत एक कोटी खेळाडू. फुकट असणंही पुरेसं नाही, ते एक्सडिफायंटने दाखवलं. चारजणांनी एकदम उठून यावं असं काहीतरी लागतं. हेलडायव्हर्स २ मध्ये तुमची गोळी तुमच्याच मित्राला लागते आणि वरून मागवलेली तोफ त्याच्याच डोक्यावर पडते. ती गंमत चौघांनी मिळूनच येते, म्हणून एकाने घेतला की उरलेल्या तिघांना तोच घ्यायला लावतो.

आणि आकडे आधी दिसत असतात. कॉन्कॉर्डच्या जुलैमधल्या खुल्या बीटात (रिलीजआधीच्या चाचणीत), म्हणजे फुकटात, स्टीमवर एका वेळी अडीच हजारही लोक नव्हते. फुकटात न आलेली माणसं ४० डॉलर देऊन येणार नव्हती. बीटा हा फक्त सर्व्हर तपासायला नसतो. पहिल्या दिवशी आलेल्या १०० पैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती, हे त्यातच बघायचं. आणि त्याहून नेमका आकडा : मॅच हरल्यावर लगेच पुन्हा "प्ले" दाबणारे किती? जिंकल्यावर सगळेच दाबतात.

लॉगिन_तुंबलं

सर्व्हर पडल्याने गेम मरत नाही, हे मोठ्या नावांपुरतं खरं. छोट्या गेमला ती चैन नाही. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, आणि गेम उघडून रांगेत घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो. म्हणजे तासभर रांगेत अडकलेला माणूस तुमचा गेम न बघताच निर्णय घेतो.

बहुतेक वेळा मॅचचे सर्व्हर पडत नाहीत, ते मागणीप्रमाणे वाढवता येतात. पडतं ते लॉगिन आणि त्यामागचा डेटाबेस. ५०,००० लोक बाहेर अडकलेत आणि प्रत्येकाचा क्लायंट (त्याच्या मशीनवरचा गेम) दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतोय : सेकंदाला १०,००० विनंत्या. प्रत्येक विनंतीत पासवर्ड पुन्हा तपासला जात असेल आणि हॅशिंगला (पासवर्ड पडताळण्याच्या गणिताला) १०० मिलिसेकंद सीपीयू लागत असेल, तर नुसत्या त्यासाठी १,००० कोर. सर्व्हर उठतो, या लाटेखाली पुन्हा झोपतो, पुन्हा उठतो. उपाय साधा आहे. पासवर्ड एकदाच तपासा आणि टोकन (पुढच्या वेळी दाखवायचा तात्पुरता पास) द्या. पुन्हा प्रयत्न करायची वेळ ३० ते ९० सेकंदांच्या मधली कोणतीही, यादृच्छिक ठेवा. तेच ५०,००० लोक आता सेकंदाला ८३३ विनंत्या करतील. आणि दारातच रांग लावा, डेटाबेसपाशी नको. रांगेतला नंबर खाली सरकताना दिसला तर माणूस थांबतो, नुसतं गोल फिरणारं चक्र बघत थांबत नाही.

हेलडायव्हर्स २ मध्ये एकाच वेळच्या खेळाडूंची मर्यादा ४,५०,००० होती, ती ७,००,००० आणि मग ८,००,००० करावी लागली. मधल्या काळात लोक जागा जाऊ नये म्हणून गेम चालू ठेवून झोपायला लागले, कारण नुसतं बसून राहणाऱ्याला बाहेर काढायची सोय सुरुवातीला नव्हती. ती नंतर पॅचमधून आली. तुम्ही पहिल्याच आवृत्तीत घाला.

उलट टोकही आहे. न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आला, स्टीमवर ९ लाखांहून जास्त लोक एका वेळी. एका सर्व्हरवर सुमारे दोन हजारच मावत, म्हणून भराभर नवे सर्व्हर उघडले. दोन-तीन महिन्यांत गर्दी ओसरली आणि ते एकमेकांत विलीन करत बसावं लागलं. सुरुवातीच्या लाटेसाठी कायमस्वरूपी जागा बांधू नका.

कर्वेनगर_राउटर

नेटवर्कबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. पुणे ते मुंबई सुमारे १५० किमी. फायबरमध्ये सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. बाकी जो काही पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दिसतो तो आयएसपीचा (इंटरनेट कंपनीचा) वळसा आणि घरच्या वायफायची कृपा. सिंगापूर मुंबईपासून चार हजार किमीच्या आसपास, म्हणजे निव्वळ अंतराचेच ४० मिलिसेकंद, प्रत्यक्षात ६० च्या पुढे. तेव्हा मुंबई रीजन बरोबर आहे. पण मुंबईत माणसं कमी पडली म्हणून मॅचमेकरने गुपचूप सिंगापूरला पाठवलं तर पुण्यातला खेळाडू पिंग बघूनच गेम बंद करतो. हलवणार असाल तर आधी विचारा.

आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड आणि जवळजवळ सगळ्या मोबाइल कनेक्शनवर एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. त्यामुळे व्हॉइस चॅट थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जाईल असं धरलंत तर ते निम्म्या लोकांचं लागणारच नाही. मध्ये रिले सर्व्हर (एकाचा आवाज घेऊन दुसऱ्याला पोचवणारा) ठेवा. आणि आयपीवरून बॅन कधीच करू नका, एका चिटरपायी अख्खी सोसायटी बाहेर जाईल.

गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज घालवतं. इन्व्हर्टर असला तरी राउटर पुन्हा उठून लाइन यायला दोन-तीन मिनिटं जातात. मॅचमध्ये परत येण्यासाठी निदान पाच मिनिटांची खिडकी ठेवा, तोवर त्याच्या जागी बॉट उभा करा, आणि पहिल्या वेळी दंड लावू नका. मॅच अर्धवट सोडल्याच्या शिक्षा परदेशातल्या लाइन गृहीत धरून आखलेल्या असतात.

पर्वतीचा_पिंग

मनापासून आभार सगळ्यांचे. एक मोड, फक्त पीसी आणि रँक्ड नंतर, हे आजच ठरवलं. अजून एक सांगा : रिलीजच्या दिवशी पुढचा कंटेंट किती तयार असावा? आणि दहा खेळाडूंच्या मॅचचा डेटा किती धरायचा?

रात्रपाळी_बॅकएंड

डेटा आधी. सेकंदाला ३० अपडेट, प्रत्येक ४०० बाइट, म्हणजे सेकंदाला खेळाडूमागे १२ केबी, मॅचमागे १२० केबी. तासाला ४३२ एमबी. एका वेळी १०० मॅच चालल्या तर तासाला ४३ जीबी. क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात आणि नवख्यांचं बिल बऱ्याचदा इथेच फुगतं. पूर्ण स्थिती न पाठवता फक्त बदललेलं पाठवा. भिंतीपलीकडचा शत्रू दिसणारच नसेल तर त्याची जागा पाठवूच नका. डेटा वाचतो आणि भिंतीतून बघणारे चिटरही निकामी होतात.

कंटेंट : तीन महिन्यांचा, खेळून तपासलेला, हातात असल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. अँथम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, पुढच्या भागांचं वेळापत्रक छापून. एप्रिलमध्येच त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे ढकलाव्या लागल्या, कारण तेच लोक बग दुरुस्त करण्यात अडकले होते. २०२१ मध्ये दुरुस्तीचा प्रकल्पही गुंडाळला आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्व्हर बंद झाले. तुम्ही सहाजण आहात. रिलीजनंतरचे सहा आठवडे बग, चिटर आणि बॅलन्स यातच जाणार, नवा मॅप बनवायला कोणीही मोकळं नसेल असं धरूनच चला. बंदुकीचं नुकसान, रीलोडचा वेळ, मॅचची लांबी हे आकडे सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे बदलायला पॅच लागणार नाही.

डेक्कनचा_मेडिक

एक भर. सर्व्हरचा प्रोग्राम पहिल्यापासून असा लिहा की तो साध्या पीसीवर, तुमच्या लॉगिनशिवायही चालेल. युबीसॉफ्टच्या द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेला गेम लोकांना एकट्यानेही खेळता येईना. त्यावरून युरोपात दहा लाखांहून जास्त सह्यांची मोहीम झाली. शेवटी ही सोय जोडायला गेलं की ती जोडता येत नाही, कारण तोवर लॉगिन, इन्व्हेंटरी, मॅचमेकिंग सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. आत्ता केलीत तर टेस्टिंगलाही हाच प्रोग्राम वापराल : एका खोलीत दहा लॅपटॉप, एक स्विच, इंटरनेटशिवाय.