प्रति: परदेशातून गिटार मागवताना लागणारे शुल्क

‘दहा टक्के शुल्क भरले की झाले’ हे वरच्या प्रतिसादातील म्हणणे अपुरे आहे. आकारणी केवळ दुकानाच्या पावतीवर होत नाही. वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या किमतीवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, उतरलेल्या गिटारची अशी किंमत १,००,००० रुपये असेल आणि हे दर अनुक्रमे १०, १० व १८ टक्के धरले, तर १०,००० अधिक १,००० अधिक १९,९८०, म्हणजे एकूण ३०,९८० रुपये भरावे लागतात. कुरियरवाल्यांचे हाताळणी शुल्क वेगळेच, आणि ते बहुधा दारात पेटी आल्यावरच कळते!

दुसरे असे की, गिटार सीमाशुल्काच्या दरसूचीच्या ९२व्या प्रकरणात मोडते, परंतु मायक्रोफोन व अॅम्प्लिफायर ८५व्या प्रकरणात येतात, आणि त्यांचे दर वेगळे असू शकतात. त्यामुळे एकाच खोक्यातील वस्तूंची किंमत पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घेणे श्रेयस्कर.

जपानी बनावटीची गिटार अमेरिकेतील दुकानातून घेतल्यास २०११च्या भारत-जपान व्यापार करारातील शुल्क-सवलत मिळेल, हा तर्कही टिकणारा नाही, कारण त्यासाठी उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते आणि मालही थेट जपानहून यावा लागतो. नातेवाइकाने ‘भेट’ म्हणून पाठवण्याची युक्तीही आता कालबाह्य झाली आहे: भेटवस्तूंवरील ५,००० रुपयांपर्यंतची माफी डिसेंबर २०१९मध्ये, राख्या व जीवरक्षक औषधे वगळता, काढून घेण्यात आली.