मदत हवी आहे: सिंगापूरहून मलाक्का, बसने, आई-बाबांसोबत

मंडळी, नॅशनल डेला जोडून आलेल्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन मलेशियातल्या मलाक्क्याला जायचा बेत आहे. शनिवारी पहाटे निघून सोमवारी परत. दोघं नाशिकहून आलेत आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे खरी काळजी सीमेवरच्या चेकपॉइंटची. आधी सिंगापूरच्या इमिग्रेशनला उतरायचं, परत चढायचं, पूल ओलांडला की सगळ्या सामानासकट पुन्हा उतरायचं. सुट्टीच्या दिवशी वूडलँड्सच्या चेकपॉइंटला मुंगीला शिरायला जागा नसते! तुआसच्या दुसऱ्या चेकपॉइंटवरून जाणारी बस घेतली तर त्रास कमी होतो का? ज्येष्ठांसाठी वेगळी रांग मिळते का? आणि आपली रांग लांबली तर ड्रायव्हर थांबतो, की मागच्या बसने या म्हणून मोकळा होतो?

भारतीय पासपोर्टवर मलेशियाला व्हिसा सध्या लागत नाही, डिजिटल अरायव्हल कार्ड आधीच्या तीन दिवसांत भरायचं, इथवर ठीक. आई-बाबांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे, तरी परत येताना भारताचं तिकीट वगैरे दाखवायला सांगतात का?

मुक्काम जोंकर स्ट्रीटजवळ. रात्रीचा बाजार आईसाठी, आणि १७८१ चं गणपतीचं देऊळ चालत जाण्यासारखं, म्हणजे बाबाही खूश. जेवणाचं मात्र अवघड दिसतंय. भाजी म्हणून मागवावी तर त्यात बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी निघते. आई वासानेच उठेल. तिथलं भरवशाचं शुद्ध शाकाहारी ठिकाण कुणाला माहीत आहे का? हल्लीच जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.