कागद गावी, कळा इथे
"कागद नसलेल्या बाहेरच्यांचा भार आपल्या सरकारी दवाखान्यांनी का उचलावा" हे मत मला अजिबात पटत नाही. घटनेच्या कलम १९ मध्ये 'नागरिक' आहे, पण जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ मध्ये 'व्यक्ती' आहे. पूर्व पाकिस्तानातून (आताच्या बांगलादेशातून) आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं, की नागरिक नसलेल्याच्याही जिवाचं रक्षण सरकारने करायचं.

आणि परदेशी माणूस राहू द्या, आपलीच माणसं बघा. हंगामात बीडकडच्या टोळ्या आमच्या कर्नाटकातल्या अथणी-रायबाग भागात ऊसतोडीला येतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या बांधाला त्यांच्या कोप्या (झोपड्या) होत्या. त्यातल्या एकीला सातव्याच महिन्यात रात्री कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेली, तर खिडकीवर आधी आधार मागितलं, मग तायी कार्ड (इकडे गरोदर बाईला मिळतं ते). आधार गावी पेटीत, तायी कार्डाचं तर तिने नावही ऐकलेलं नव्हतं. विचारणारा कन्नडमध्ये, ही मराठीत. पदर मुठीत आवळून भिंतीला टेकून बसली होती बिचारी. शेवटी माझ्या बायकोने आमच्या घरचा पत्ता लिहून दिला, तेव्हा कुठे आत घेतलं. कागद सकाळी मागा ना, आधी बाईला खाटेवर तर घ्या!