मोठा, बुजरा मासा गाडीतून नेलाय का कुणी? अनुभव लिहा

शाहूपुरीकर
काल सायबर चौकात शेजारी एक ओम्नी थांबली होती. मागे रिकामा टँक, आणि एक शाळकरी पोरगा मांडीवर झाकलेली बादली घट्ट धरून बसलेला. बघून एकदम ऑगस्ट २०१९ आठवला. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं आणि तळमजल्यावर बाबांचा सिल्व्हर अरोवाना. दोनेक फुटांचा असेल.

अरोवाना म्हणजे उडी. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तो पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून पकडतो. त्यामुळे दचकला की सरळ वर. बाबांनी जाळी आणू दिली नाही. खालच्या जबड्याच्या दोन मिशा आणि ते मोठाले खवले जाळीत अडकतात. जाड पिशवी पाण्यातच त्याच्या तोंडापुढे धरली, मागून हळू हात, आणि पाण्यासकट आत. मग क्लिपच्या झाकणाची लांब प्लास्टिकची पेटी, झाकणाला भोकं, सेलवरचा एअर पंप, वर जाड चादर. अंधार झाला आणि धडपड थांबली. कळंब्याला मावशीकडे पोचेपर्यंत आवाज फक्त पंपाचा.

टँकचं जुनं पाणी जारमध्ये भरून नेलं होतं, तेच तारलं. पुरात उपसा केंद्रं बुडालेली, शहरात नळाला थेंब नाही.

तुमचे अनुभव लिहा. वाचून कुणाचा तरी मासा वाचेल.

पुईखडीवाला
भावा विषय हार्ड. बाबांना दंडवत.

बावड्याची_आक्का
आमचा शार्क होता, म्हंजे पंगास मासा, खरा शार्क न्हवं. लई बुजरा. टँकपुढनं मांजर गेलं तरी काचेवर डोकं आपटायचा. त्याला दिसतं पण कमीच म्हणं. पोरीच्या घरी इचलकरंजीला न्यायचा होता. आमचे हे गाडी चालवत, मी मागं बसलो होतो पेटी धरून. सारखं वाटायचं झाकण उघडून बघावं, जिता हाय का. ह्यांनी सांगितलं, उघडलंस की उजेड, आणि उजेड दिसला की तो उसळणार. मग कान लावून बसलो. पोचला बगा सुखरूप. कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर लिहितो.

गंगावेस_९९
पुरात आम्ही पण अडकलो होतो. शाहूपुरीत कुठल्या गल्लीत तुम्ही? आमची आत्या व्हीनस कॉर्नरला, तिला बोटीतनं काढली.

शाहूपुरीकर
@गंगावेस_९९ तिसऱ्या. आत्या बऱ्या आहेत ना आता?

गंगावेस_९९
हो हो, ठणठणीत. आता पावसाळा आला की आधीच आमच्याकडे येते, सामान बांधून.

बोटुकली
माझं काम मत्स्यबीजाचं. रोहू-कटल्याची बोटुकली पाठवताना आधी पिल्लं न खिलवता हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवतात, पोट रिकामं व्हावं म्हणून. घरच्या मोठ्या माशालाही हाच नियम. निघायच्या आधी एक ते दोन दिवस खाणं बंद. लोकांना जीवावर येतं, प्रवासाला निघालाय बिचारा, उपाशी कसा पाठवायचा? पण तो उपाशी मरत नाही. खाल्लेलं वाटेत बाहेर टाकतो आणि त्या घाणीतल्या अमोनियानं त्याचेच कल्ले पोळतात.

पिशवीत नेणार असाल तर एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, आणि पिशवीत पिशवी. पाणी जास्त म्हणजे मासा सुरक्षित, असं नाही. श्वास वरच्या ऑक्सिजनवर चालतो.

कदमवाडी_एक्सप्रेस
सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा, असेल तर पिशवी विसरा. पंखाच्या काट्यानं टराटरा फाडतो. झाकणाची बादली घ्या.

आजरा_घनसाळ
सकरवरून आठवलं. मोठा झाला म्हणून रंकाळ्यात सोडायचं डोक्यात असेल तर हात जोडतो, नका. परदेशी मासा आहे, देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय. दुकानदाराला परत द्या, कुणालाही द्या.

नवी_गाडी_जुना_मासा
मला खरंच मदत पाहिजे. पुण्याला बदली झालीय. ऑस्कर आहे, अकरा-बारा इंचांचा. माणूस जवळ आला की कोपऱ्यात जाऊन आडवा पडतो. मुलगी म्हणते बाबा तो नाही तर मी पण येत नाही. ऐकलंय लवंगेच्या तेलानं गुंगी देतात, देऊ का?

झूलॉजी_सर
@नवी_गाडी_जुना_मासा लवंगेचं तेल घरी नको. त्यातल्या युजेनॉलनं भूल येते हे खरं, पण मात्रा जरा वाढली की कल्ल्यांची हालचालच थांबते, आणि चालत्या गाडीत ते तुम्हाला दिसणार नाही. अंधार पुरतो.

पहाटे निघा. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. ऑस्करला गारठाही सोसत नाही, तेव्हा एसीचा झोत पेटीवर नको. वाटेत चहाला थांबलात तर एकानं गाडीतच बसायचं, उन्हात बंद गाडी सोडायची नाही.

आणखी एक. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, म्हणजे पाणी जास्त आम्लधर्मी होतं, त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर उघडी पिशवी ठेवून थेंबथेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडून मासा लगेच टँकमध्ये, पिशवीतलं पाणी बाहेर. पंपाच्या पेटीत पीएच फारसा उतरत नाही, म्हणून तिथं उपास जास्तच महत्त्वाचा.

नवी_गाडी_जुना_मासा
सर, स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पेटी डिकीत की सीटवर?

बोटुकली
पुढच्या सीटच्या मागं, खाली पायाशी. लांब बाजू गाडीच्या रुंदीला येईल अशी. म्हणजे मासा आडवा राहतो आणि ब्रेक लागला तरी तोंड आपटत नाही. शेजारी उशा कोंबा.

बावड्याची_आक्का
आलो परत. हायवेचं काम चालू हाय, सेवा रस्त्याला खड्डे हायत, तेवढं हळू घ्या. फिल्टरचा स्पंज धुऊ नका, टँकच्याच पाण्यात भिजवून न्या. वाळला की त्यातले चांगले जिवाणू मरतात. आमच्या पोरीनं चकचकीत धुतला होता आणि नव्या टँकचं पाणी आठवडाभर गढूळ.

कदमवाडी_एक्सप्रेस
आक्का, शार्क आहे का अजून?

बावड्याची_आक्का
हाय की. माझ्या हाताएवढा झालाय. जावई त्याच्या खोलीत पंखा लावताना पण आधी टँकवर चादर टाकतो.

पुईखडीवाला
जावई नाद खुळा 😄

नवी_गाडी_जुना_मासा
सेलवरचा पंप राजारामपुरीत मिळेल का? रविवारी पहाटे निघायचंय.

शाहूपुरीकर
विकत घेऊ नका, बाबांचा आहे. शनिवारी संध्याकाळी घरी या, पत्ता मेसेज करतो. मुलीलाही आणा, अरोवाना बघू दे.

नवी_गाडी_जुना_मासा
आहे तो अजून??

शाहूपुरीकर
आहे. आता पहिल्या मजल्यावर असतो.