'नॉनकन्फॉर्मिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

पानकोपरा
गिरगावातल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी परमहंस सभेवरचा इंग्रजी फलक मराठीत करायचा आहे. सभासदांना मुळात 'नॉनकन्फॉर्मिस्ट', म्हणजे रूढ रीत न मानणारे, म्हटलंय. 'बंडखोर' संपादकांनी खोडला. 'पाखंडी' आयोजकांना शिवी वाटते. जागा जेमतेम दोन शब्दांची आहे. सुचवा.

जुनी_पेठ
'बंडखोर' खोडला ते योग्यच झालं. बंड उघडपणे करतात. १८४९ साली मुंबईत निघालेली ही सभा गुप्त होती. आत येणाऱ्यानं जातिभेद पाळणार नाही असं कबूल करायचं, ख्रिस्ती पाववाल्याचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, आणि हे सगळं बंद दाराआड. पुरेशी माणसं जमली की मगच जाहीर करायचं असा बेत होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, आता नावं फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली. त्यातलेच काही जण पुढे १८६७ च्या प्रार्थना समाजात दिसतात, पण तो कारभार उघड होता. फलकावर जो शब्द येईल त्यात हा फरक बुडता कामा नये.

अश्मक
पाखंडी ही शिवी नंतर झाली. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे पंथ, त्यात निंदा नाही. बाराव्या शिलालेखात तर सगळ्या पासंडांचा मान राखा, आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करत बसू नका, असं बजावलंय. मुंबईकरांनी तो जवळच्या सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या लेखांच्या तुकड्यांत शोधू नये, ते आठव्या आणि नवव्या लेखाचे आहेत. बारावा गिरनारला आहे. तुकोबांपर्यंत येईतो शब्द पार उलटला, तिथे 'पाषांड खंडण' हे कर्तव्य आहे. मूळ अर्थ चांगला आहे, शब्द परत मिळवावा असं माझं ठाम मत आहे.

शब्दव्रती
पण व्युत्पत्तीच निंदेची आहे ना? 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करणारा तो पाखंड.

अश्मक
ती पंडितांनी मागाहून जुळवलेली आहे. जुनं रूप 'पासंड', 'पाषंड' असं स-ष चं. 'ष'चा उच्चार 'ख' व्हायला लागल्यावर 'पाखंड' झालं, आणि 'खंड' दिसल्यावर 'खंडन' सुचलं. काही अभ्यासक 'पार्षद'शी, म्हणजे परिषदेशी, नातं लावतात. मला ते जास्त पटतं.

जुनी_पेठ
मूळ अर्थ काहीही असो, फलक वाचणारा आजचा अर्थच घेणार. उभ्यानं फलक वाचणारा माणूस अशोकापर्यंत जात नाही.

खाडीकाठ
'नास्तिक' तरी कुणी सुचवू नका. पाणिनीच्या सूत्रात 'नाही' अशी मती असलेला तो नास्तिक, मनुस्मृतीत वेदनिंदक तो नास्तिक, आणि आज देव न मानणारा. म्हणूनच ईश्वर न मानणारे, पण वेद मानणारे सांख्य दर्शनवाले आस्तिकांत बसतात. परमहंसवाले तर एकेश्वराची प्रार्थना करायचे.
इंग्रजी शब्दाचंही एक बघा. १६६२ च्या कायद्यानंतर चर्च ऑफ इंग्लंडची ठरीव उपासना नाकारून सुमारे २००० पाद्री बाहेर पडले, त्यांच्या परंपरेला 'नॉनकन्फॉर्मिस्ट' म्हणतात. मूळ मजकुरात पहिलं अक्षर मोठं आहे का तपासा. असेल तर लेखकाच्या मनात वेगळंच काही असेल.

शब्दव्रती
मग 'अननुसारी' करा. संस्कृत धातूवर नीट उभा आहे.

सायनकर
असा शब्द वाचून कोण फलकापुढे थांबेल? 'चाकोरीबाहेरचे' घ्या. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेला माग. कुणालाही कळतो.

जुनी_पेठ
चाकोरीबाहेरचं म्हणजे हौसेनं वेगळं. इथे पाव खाल्ला तर माणूस 'बाटला' ठरायचा, जातीबाहेर जायचा, रोटीबेटी तुटायची. मराठीतले बरेच शब्द या बाजूचे आहेत: बाटगा, भ्रष्ट, वाळीत टाकलेला. माणसानं काय केलं हे ते सांगत नाहीत, लोकांनी त्याचं काय केलं तेवढं सांगतात. आंबेडकरांनी 'बहिष्कृत' घेतला तो मुद्दाम त्याच बाजूचा, कारण तिथे दोष बहिष्कार घालणाऱ्याचा होता.

खाडीकाठ
वाळीत टाकणं आजही चालू आहे. त्यासाठी २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत नुसतं 'आम्हाला त्रास देतात' लिहू नका. मर्तिकाला येऊ दिलं नाही, पाणवठा बंद केला, लग्नाला जाणाऱ्याला दंड लावला, असं कृत्य, तारीख आणि ठराव करणाऱ्यांची नावं लिहा.

सायनकर
आणि अर्जातल्या 'धर्म' रकान्यात काय लिहायचं? 'निधर्मी'?

खाडीकाठ
'निधर्मी' नको. तो शब्द वर्तमानपत्रांनी राज्यासाठी वापरून झिजवलाय, शिवाय टंकताना 'निर्धर्मी' होतो आणि दोन कागद जुळत नाहीत. रकाना रिकामाही ठेवू नका, शाळेच्या दाखल्यावरून दुसरं कुणी भरेल. 'कोणताही धर्म नाही' असं पूर्ण लिहा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा. राजपत्रात तशी नोंद करायला शासकीय मुद्रणालयानं नकार दिला होता, तेव्हा २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही.

शब्दव्रती
तीन शब्दांपेक्षा 'धर्मविरहित' नेटका.

सायनकर
'विरहित' म्हणजे असायला हवं ते नाही. इथे कमी काय पडलंय?

शब्दव्रती
'दोषविरहित' म्हणताना काय कमी पडतं? 'रहित' आणि 'विरहित' यांत तुम्ही म्हणता तसा फरक मराठीनं कधीच केलेला नाही.